पॉवरवाल्या गाडीले ग्रिपवाले टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवलेल्या टर्बो गाड्या आता फक्त नागपुरात नाही राहिल्या. धामणगाव, आर्णी, दारव्हा, कारंजा, कुठंही एखाद्या घरासमोर बंडीच्या बाजूला उभी दिसते. अन् सगळ्या पोट्ट्यांचे फोन एकाच गोष्टीसाठी, भाऊ गाडी जागेवर स्पिन मारून राहिली, टायर कोणते टाकू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतो. माझी स्वतःची ऑक्टाव्हिया आरएस आहे, २.० टर्बो पेट्रोल, कंपनीतून २३० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) होती अन् रिमॅप नंतर तीनशेच्या घरात, रोज गाव ते तालुका चालते आणि वर्षातून एकदोनदा ड्रॅगला, म्हणजे सरळ ४०० मीटरच्या शर्यतीला, जाते. त्यामुळं रस्ता अन् स्ट्रिप (ड्रॅगची सरळ पट्टी) दोन्हीकडचं सांगतो.

एवढी पॉवर टाकली तरी गाडी सुटताना पळत काहून नाही?

कारण इंजिन जोर देतं पण तो रस्त्यावर उतरवायचं काम टायरचं आहे. साधा हिशोब करून पाहा. समजा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, ३५० न्यूटन मीटर, पहिला गेअर आणि फायनल ड्राइव्हचा गेअर मिळून बारा पट, म्हणजे चाकावर आले ४२०० न्यूटन मीटर. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर धरली तर रस्त्यावर ढकलायचा जोर होतो तेरा हजार न्यूटनच्या वर, किलोमध्ये सांगायचं तर तेराशे किलोपेक्षा जास्त. आता गाडी समोरच्या चाकांवर चालणारी, माणसासकट दीड टन, उभी असताना समोर नऊशे किलो वजन, आणि सुटली की नाक वर उठतं, वजन मागं सरकतं, समोर उरतं साडेसातशेच्या आसपास. चांगल्या रोडच्या टायरची पकड कोरड्या डांबरावर त्याच्यावरच्या वजनाच्या ०.९ पट धरा. म्हणजे टायर झेलणार साडेसहाशे-पावणेसातशे किलो आणि इंजिन देऊन राहिलं तेराशे. उरलेला सगळा जोर चाक जागेवर फिरवण्यात अन् रबर जाळण्यात जातो.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, स्टेज टू चे (रिमॅपच्या पुढचं पॉवर वाढवायचं काम) पैसे जमले असतील तर आधी त्यातून टायर घ्या. अजून पन्नास हॉर्सपॉवर टाकून वरच्या हिशोबात पहिल्या गेअरला काहीच फरक पडत नाही, टायर बदलून पडतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला सुटताना मागं सरकलेलं वजन फायद्याचं ठरतं, आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक-सेडानला ते उलटं जातं, त्यामुळं आपल्याला टायरची गरज त्यांच्यापेक्षाही जास्त.

एकच टायर रोजच्यालेही अन् ड्रॅगलेही चालन असा कोणता आहे?

नाही, असा नाही. हे ऐकून लोक नाराज होतात पण खोटं कशाला सांगू. ड्रॅग रेडियलचं, म्हणजे ड्रॅगसाठीच्या चिकट टायरचं, रबर नरम, नक्षी नावापुरती, पाणी बाहेर काढायला खाचाच नाहीत, अन् आपल्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी गिट्टीचे खडे चिकटून फेंडरच्या आत टणटण वाजतात. झिजतातही लवकर. दुसरीकडं वीसपंचवीस हजार किलोमीटर चालणारा टायर तीनशे पीएसला पहिल्या दोन गेअरमध्ये धरूच शकत नाही.

करायचं असं, की दोन सेट ठेवायचे. रोडचे चार टायर चांगले अन् एकसारखे, मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ किंवा त्या वर्गातला दुसऱ्या कंपनीचा. आणि ड्रॅगसाठी जुन्या दोन रिमा शोधून त्यावर चिकट जोडी वेगळी चढवून ठेवायची. डिक्कीत टाकून न्यायची, तिथं जॅक लावून बदलायची, संध्याकाळी परत बदलून घरी यायचं. दोन सेटचा खर्च एकदाच जास्त दिसतो, पण चिकट टायर रोडवर झिजत नाही, त्यामुळं दोन-तीन सीझन पुरतो.

मग ड्रॅगची चिकट जोडी फक्त समोर टाकून तसंच घरी चालवत आलं तर?

नका करू. समोरच्या चाकांवरच्या गाडीला समोर जबरदस्त ग्रिप आणि मागं साधे टायर असले की कोरड्यात काही जाणवत नाही, पण वळणावर थोडं पाणी किंवा माती आली की मागचा भाग आधी सुटतो, आणि ते आपल्याला सावरता येत नाही कारण सवय समोरून घसरायची असते. सरळ ४०० मीटरमध्ये ही भानगड नाही, म्हणून तिथं चालतं. रोडवर चारही सारखे. दोनच नवीन घ्यायचे पैसे असले तर नवीन जोडी मागं टाका, गाडी कोणतीही असो.

टायरवर ट्रेडवेअर २००, ३००, ४०० असं लिहिलेलं असते, थे काय?

तो झिजेचा आकडा आहे. अमेरिकेच्या सरकारी पद्धतीत एक ठरावीक टायर १०० धरून त्याच्याशी तुलना केलेली असते, म्हणजे ३०० वाला कागदावर तिप्पट चालायला पाहिजे. आकडा जितका कमी तितकं रबर साधारण नरम, तितकी पकड जास्त. ट्रॅकवाले लोक २०० च्या आसपासचे वापरतात, टोयोचा आर८८८आर १०० वर आहे, आणि पायलट स्पोर्ट ४ तीनशेच्या वर. रोजच्या जलद गाडीसाठी ३०० च्या आसपास हा माझ्या मते आपल्या भागासाठी बरोबर मुक्काम.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतः चाचणी घेऊन स्वतःच लिहिते, त्यामुळं एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० सारखे धरू नका, एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो कामाचा. दुसरी, बाजूला ट्रॅक्शन एए किंवा ए लिहिलेलं असतं ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावण्याचं आहे. गाडी सुटताना किती पकडेल किंवा वळणावर किती धरेल हे ते अक्षर सांगतच नाही. दुकानदार मात्र तेच दाखवून विकतात.

रुंद टायर टाकला की ग्रिप वाढतेच ना?

वाढते पण तेवढी नाही जेवढी दिसते. हवा तीच आणि वजन तेच असेल तर रस्त्याला टेकणारा भाग जवळपास तेवढाच राहतो, फक्त आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. खरा फायदा हा की रुंद टायरमध्ये नरम रबर वापरता येतं कारण उष्णता जास्त जागेत वाटली जाते.

ड्रॅगसाठी रुंदीपेक्षा मी बाजूची भिंत बघतो. माझा साइज २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिलिमीटर, भिंत त्याच्या ४५ टक्के, रिम १७ इंची), त्याचा व्यास निघतो ६३४ मिलिमीटर. तेच २२५/५० आर १६ घेतला तर व्यास ६३१, म्हणजे गाडीच्या मीटरला अन् गेअरिंगला काहीच फरक नाही, पण रबराची भिंत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त उंच मिळते. गाडी सुटताना ती भिंत थोडी दबते, झटका खाते अन् टायर एकदम सुटत नाही. पण आधी १६ ची रिम तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून बसते का हे लावून बघा, नुसतं मोजून चालत नाही, मी दोन वेळा रिमा परत केल्या आहेत.

आणि शोसाठी १८-१९ ची रिम टाकून त्यावर पातळ टायर चढवायचा असेल तर आपल्याकडचे खड्डे अन् गावच्या वेशीवरचे गतिरोधक आठवा. एका खड्ड्यात बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर गेलाच समजा, तो दुरुस्त होत नसतो.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं सगळेच सांगतात, बरोबर आहे का?

चूक आहे, आणि ही चूक जीवावर येते म्हणून जरा लांब लिहितो.

लोकांचं म्हणणं असं की नवतपात ४५-४६ तापमान, रस्ता त्याहून तापलेला, हवा फुगणार, टायर फुटणार, म्हणून पाचसात पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी भरा. होतं नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते अन् उठते, त्या मळण्यानं आतून उष्णता तयार होते, आणि शंभर-एकशे वीसच्या वेगानं तासभर सलग गेलं की ती उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. मग थर सुटतात अन् टायर जातो. कडक उन्हात टायर फुटण्याचं मोठं कारण कमी हवा, जास्त वजन आणि जुनं रबर, हे तीन.

बरोबर पद्धत अशी. सकाळी गाडी हलायच्या आधी थंड टायरमध्ये हवा तपासा, दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिला तेवढी भरा, घरात पाच माणसं अन् सामान असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा. तापमान साडेपाच अंश वाढलं की हवा साधारण एक पीएसआय वाढते. सकाळी २८ अंशाला ३४ भरली तर दुपारी ४५ ला नुसती उभी राहूनच ३७ दाखवेल, चालवली की अजून वर. ते कंपनीनं धरलेलंच आहे. गरम टायरमधून हवा काढू नका, रात्री थंड झाला की तोच टायर कमी हवेचा निघतो.

पेट्रोल पंपावरच्या गेजवर भरोसा ठेवू नका. स्वतःचा एक गेज घ्या अन् गाडीत ठेवा.

नायट्रोजन?

साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फायदा एवढाच की त्यात ओल नसते, त्यामुळं हवा थोडी एकसारखी वाढते. फुकट मिळत असेल तर भरा, पण त्यासाठी तालुक्याला फेरी मारायची गरज नाही.

पावसाळ्यात हे ग्रिपवाले टायर चालतात का?

रोडवाले चालतात, अन् चांगले चालतात. पण आपल्याकडचा पावसाळा म्हणजे पाण्यापेक्षा काळी माती. मृगाचा पहिला पाऊस पडला की पांदण रस्त्यातून ट्रॅक्टर बाहेर येतो आणि डांबरावर दोनतीनशे मीटर मातीचे गोळे सोडत जातो. कोरडी होती तोवर ठीक, भुरभुर पाऊस आला की त्याचं साबणासारखं होतं.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. जूनचा शेवट, दारव्ह्याकडून येत होतो, पाऊस नुसता शिंतोडे, वेग पन्नाससुद्धा नव्हता. वळणाच्या आधी रस्त्याचा रंग बदललेला दिसला, डांबर काळंच पण त्यावर एक मंद चकाकी, अन् मी ब्रेकवर नुसता पाय ठेवला तर गाडी सरळच चालली, स्टिअरिंग वळवलेलं असूनही. बाजूच्या पऱ्हाटीत दोन चाकं गेली तेव्हा थांबली. उतरून पाहिलं तर टायरची नक्षी दिसतच नव्हती, चारही टायर मातीनं बुजून एकदम गोटा झालेले. बोट घालून खाच शोधावी लागली. त्या जागी कोणत्याही कंपनीचा, कितीही महाग टायर असता तरी तेच झालं असतं, कारण रस्त्याला रबर लागतच नव्हतं, माती लागत होती. तेव्हापासून जूनमध्ये रस्त्याचा रंग बदलला की मी बदल दिसायच्या आधीच्या कोरड्या भागात वेग काढून घेतो.

कायदा नक्षी १.६ मिलिमीटर पर्यंत चालवू देतो. पॉवरवाल्या गाडीला पावसात ते फार कमी आहे, ३ मिलिमीटर राहिली की मी मृगाच्या आधी बदलतो.

सोयाबीन-तुरीच्या हंगामात काय काळजी घ्यावी?

हळू चालवा. कास्तकार रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळू घालतात, जागाच नसते बिचाऱ्यांकडं, अन् दाणे डांबरावर पसरतात. कोरडे दाणे टायरखाली छर्ऱ्यासारखे फिरतात. कुटार पसरलेलं असलं तरी तेच. चिकट टायर इथं काहीच कामाचा नाही.

समृद्धीवर गाडी मोकळी सोडता येते का, रस्ता तर सरळच आहे?

७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, आपल्याकडं नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा या पाच जिल्ह्यांतून जातो, आणि कारची वेगमर्यादा १२०. त्या मर्यादेतसुद्धा टायरची परीक्षाच आहे, कारण सलग दोनतीन तास एकाच वेगानं चालवायची सवय आपल्याला याआधी नव्हती. सिमेंट खरबरीत असतं, वरून त्यावर आडव्या रेघा, नरम रबर डांबरापेक्षा लवकर खातं. मी धामणगाववरून चढायच्या आधी चारही टायर हातानं चाचपून बघतो, बाजूला फुगा, चीर, रुतलेला खिळा, आणि मधे थांबलो की हात लावून बघतो चारात एखादा जास्त गरम तर नाही. एकच टायर बाकी तिघांपेक्षा गरम लागला तर बहुधा त्यात हवा कमी आहे.

रेस लावायचा विचार असेल तर, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पण कायद्याच्याही आधी, त्याच रस्त्यावर कोणाची माय-लेकरं कारमध्ये झोपून चाललेली असतात. पळवायची तर लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते तिथं जा. लांब पडतं आपल्याला, पण तिथं लाइट, टायमिंग, अ‍ॅम्ब्युलन्स सगळं असतं.

ड्रॅगला टायरमध्ये हवा किती ठेवायची?

ठरलेला आकडा कोणीच देऊ शकत नाही, खडूनं काढा. टायरवर आडवी एक खडूची जाड रेघ मारा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सरळ शंभरेक मीटर जाऊन या अन् रेघ बघा. मधलीच पुसली गेली तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा पुसल्या अन् मधली राहिली तर कमी, सगळी सारखी पुसली तर बरोबर. एक एक पीएसआय कमी करत जा. माझे रोडचे टायर २८ ला सगळ्यात बरे सुटतात, चिकट जोडी त्याहून कमीला. समोरच्या चाकांच्या गाडीत मागच्या टायरमध्ये हवा उलट जास्त ठेवायची, चाळीसपर्यंत, म्हणजे मागचं चाक हलकं फिरतं अन् गाडी मागं कमी बसते. पण हे फक्त स्ट्रिपवर. घरी निघायच्या आधी पंप काढून चारही परत भरायचे, हे विसरायचं नाही.

अजून एक बारीक काम. टायर आणि रिम दोन्हीवरून जाईल अशी पांढऱ्या पेंटची एक रेघ मारून ठेवा. जोरात सुटताना कमी हवेचा टायर रिमवरच सरकतो. पळवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, टायरवरची दोन बोटं मागं गेली, तर हवा फार कमी आहे. बॅलन्सिंगही गेलेलं असतं, तेव्हा वरच्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर घाबरू नका, कारण तेच.

बर्नआउट (सुटायच्या आधी चाक जागेवर फिरवून टायर तापवणं) मारायचाच का?

ड्रॅग टायर असेल तर हो, थोडा, वरचा थर साफ होऊन गरम होईपर्यंत. हात फिरवला की रबराच्या शेवया निघालेल्या लागतात अन् तळवा चिकटतो, तेवढं पुरे. रोडच्या टायरला लांब धूर काढून काही मिळत नाही, तो जास्त तापला की उलट तेलकट होतो. एक छोटा स्पिन मारून माती झटका. आणि बर्नआउटसाठी पाणी टाकलेलं असतं त्यातून नक्षीवाला टायर नेऊ नका, बाजूनं जा. खाचांमध्ये पाणी भरतं अन् नेमकं सुटायच्या रेषेवर येऊन गळतं.

सेकंडहँड किंवा बाहेरून आलेले टायर स्वस्तात मिळून राहिले, घेऊ का?

आधी तारीख वाचा. बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ही चौकट बहुतेक वेळा एकाच बाजूला असते, त्यामुळं दुकानदार ती बाजू आत करून बसवतो का हे बघत उभं राहायचं.

मी एकदा फसलो. एका शहरातल्या दुकानातून न वापरलेली चिकट जोडी घेतली, चकचकीत, वर कंपनीचे स्टिकरसुद्धा. पैसे देऊन घरी आणली, पोत्यावर आडवी टाकली अन् उन्हात नक्षीचे दोन ठोकळे अंगठ्यानं दाबून वेगळे केले तर खाचेच्या तळाशी केसासारख्या चिरा. मग आकडे वाचले, सात वर्षं जुनी. नख रोवून बघितलं तर रुतलंच नाही, नवीन नरम रबरात नखाचा वळ उमटून हळूहळू जातो. त्या जोडीवर गाडी माझ्या साध्या टायरपेक्षाही वाईट सुटली. नरम रबर नुसतं पडून राहूनही कडक होतं, आणि प्रत्येक वेळी तापून थंड झालं की अजून थोडं. म्हणून ड्रॅगसाठी घेताना दोन वर्षांपेक्षा जुनं नको, रोडसाठी सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बदला.

आणि आयएसआयचा शिक्का नसलेला टायर दिसला तर विचारा कुठून आला.

स्पीड रेटिंग किती महत्त्वाचं?

खूप. साइजच्या मागं ९१ डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, डब्ल्यू म्हणजे २७० चा वेग. एच २१०, व्ही २४०, वाय ३००. रिमॅप केलेल्या गाडीला कंपनीच्या अक्षरापेक्षा खालचं कधीच घेऊ नका. ही अक्षरं नवीन, नीट हवा भरलेल्या टायरची आहेत, पंक्चर काढलेल्या टायरला ती लागू धरू नका.

पंक्चर काढलेला टायर ड्रॅगला चालतो?

गावात रस्सी घालून काढलेलं पंक्चर घरी पोहोचण्यापुरतं. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचा, भोक बुजवणारा तुकडा) लावून घ्या, मग रोजचं चालतं. ड्रॅगला मी तो टायर मागच्या चाकालासुद्धा लावत नाही. बाजूच्या भिंतीतलं पंक्चर काढून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात जोडा अन् टायर बदला.

चिकट जोडी वर्षभर ठेवायची कशी?

टिनाच्या शेडमध्ये नाही. एप्रिल-मे मध्ये तिथं भट्टी होते. माझी जोडी मातीच्या घरातल्या मागच्या खोलीत असते, जिथं आधी कापूस भरायचो, अंधार अन् थंडावा दोन्ही. धुवून, पूर्ण वाळवून, काळ्या प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून, रिमसकट असेल तर आडवी एकावर एक. वेल्डिंग मशीन, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर चालतो त्या खोलीत ठेवू नका, ठिणगी पडते तिथं ओझोन तयार होतो अन् त्यानं रबराला चिरा पडतात. टायरला चमकवायचं तेल लावून ठेवू नका. उंदरांसाठी काय करायचं ते प्रत्येकाच्या घरी माहीतच आहे.

संपलेली चिकट जोडी कोणाले विकू का?

गाडीवाल्याला नाही. मागच्या वर्षी एक जण माझ्याकडं आला होता, त्याच्या व्हॅनला टाकायचे होते, नक्षी तशी दिसत होती थोडी. त्याच गाडीत तो शाळेची पोरं नेतो. मी त्याच्यासमोरच ब्लेडनं दोन्ही टायरच्या भिंती कापल्या आणि त्याला साध्या टायरचं दुकान सांगितलं.